ट्रॅकच्या गाडीचे नाक : बंपर निवडताना हवेचा विचार

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथ, वेल्डिंग आणि ओतकाम जाणणाऱ्या माणसांची वानवा नाही. त्यामुळे बेळगाव-खानापूरकडच्या ज्या पोरांना जुनी हॅचबॅक शर्यतीच्या ट्रॅकसाठी तयार करायची असते, त्यांना मेस्त्री शोधत फिरावे लागत नाही. इंजिन, सस्पेन्शन, टायर यांवर ही पोरे रात्र-रात्र चर्चा करतात. पुढचा बंपर मात्र फोटो बघून मागवतात. मला हे फार खटकते. गाडी हवेला पहिल्यांदा भिडते ती बंपरवरच. रेडिएटरचे पाणी किती तापणार, ब्रेक कितपत टिकणार आणि वेगात पुढची चाके रस्ता किती घट्ट धरणार, यांतले बरेचसे तिथेच ठरते.

नाकाच्या मधोमध येऊन आदळणारी हवा गाडीच्या हिशेबाने जवळपास थांबते आणि तिच्या वेगाचे रूपांतर दाबात होते. हवेची घनता निम्मी करून वेगाच्या वर्गाने गुणली की हा दाब मिळतो. म्हणून वेग दुप्पट झाला की दाब चौपट. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथली हवा किनाऱ्यावरच्या चेन्नईपेक्षा थोडी विरळ. तरीही ताशी १०० किलोमीटरला नाकावर साधारण ४२० पास्कल दाब येतो आणि १५० ला ९४० च्या आसपास. म्हणजे दर चौरस मीटरला जवळजवळ ९६ किलोचा रेटा. हा रेटा फुकट मिळतो, तो कुठे वापरायचा एवढेच आपल्या हातात असते.

पहिला हक्क रेडिएटरचा. जेवढे भोक मोठे तेवढी गाडी गार, ही समजूत गॅरेजमध्ये पक्की रुजली आहे, पण ती खरी नाही. रेडिएटरमधून किती हवा जाईल हे त्याच्या पुढच्या आणि मागच्या दाबांतल्या फरकावर अवलंबून असते. बंपर आणि रेडिएटर यांच्यामध्ये चारही बाजूंनी फटी असतील, तर हवा रेडिएटरच्या जाळीतून घुसण्याऐवजी सोप्या वाटेने, बाजूने निसटते. मग तोंड कितीही मोठे करा, पाणी तापायचे ते तापतेच, शिवाय हवेचा विरोध वाढतो तो वेगळाच. याउलट तोंड रेडिएटरपेक्षा बरेच लहान ठेवले आणि तिथून रेडिएटरपर्यंत हळूहळू रुंदावणारी बंद वाट केली, तर त्या वाटेत हवा मंदावते, तिचा दाब वाढतो आणि ती सगळ्या जाळीवर सारखी पसरते. १९३० च्या दशकात ब्रिटिश अभियंता मेरेडिथ याने विमानांच्या रेडिएटरसाठी हा विचार मांडला. दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग विमानाच्या पोटाखालचा रेडिएटर त्याच धर्तीचा होता. आपल्याला त्यासाठी ॲल्युमिनियमचा पत्रा, रिव्हेट आणि कडेला रबराची पट्टी एवढे पुरते.

आत गेलेल्या हवेला बाहेर पडायलाही जागा हवी. बोनेटला झरोका पाडायचा तर तो पुढच्या बाजूला, रेडिएटरच्या लगेच मागे पाडावा, तिथे वरून जाणाऱ्या हवेचा दाब कमी असतो. पुढच्या काचेच्या पायथ्याशी दाब जास्त असतो. तिथे झरोका पाडला तर हवा उलटी आत येऊ शकते.

हे सगळे स्वतः मोजता येते, आणि माझा आग्रह आहे की मोजावेच. पारदर्शक प्लास्टिकची नळी यू आकारात वाकवून तीत रंगीत पाणी भरा. एक टोक रेडिएटरच्या पुढे, दुसरे मागे बांधा. शेजारी बसलेल्याने ट्रॅकवर दोन्हीकडच्या पाण्याच्या पातळीतला फरक टिपायचा. १०० च्या वेगाला नाकावर जेवढा दाब येतो, तो सुमारे ४३ मिलिमीटर पाणी उचलतो. त्यातला किती भाग रेडिएटरच्या वाट्याला आला हे लगेच कळते. फटी बंद करण्याआधी आणि नंतर मोजले की बंपर बदलायची गरज आहे का, याचे उत्तर हातात असते.

ब्रेकचे गणितही असेच डोळे उघडणारे आहे. १,००० किलोची गाडी १५० वरून ६० वर आणताना सुमारे ७३० किलोज्यूल ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. तेवढ्यात दोन लिटर थंड पाणी उकळीला येईल, आणि हे एकाच वळणाआधी. त्यातला मोठा वाटा पुढच्या डिस्कवर पडतो. डॉट ४ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ओलावा शोषल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो, आणि ते उकळले की ब्रेक नीट लागत नाहीत. म्हणून फॉग लॅम्पच्या जागी नळी बसवून हवा डिस्कच्या मधल्या भागाकडे नेता येईल असा बंपर मला दिखाऊ बंपरपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

आता स्प्लिटर, म्हणजे बंपरच्या तळाशी जमिनीला समांतर बसवलेली फळी. ७ सेंटिमीटर पुढे आलेली, १.६ मीटर रुंद फळी १५० च्या वेगाला वरच्या दाबाने फार तर १० किलोचा भार देईल. खरे काम तिच्या खाली होते. जमीन आणि फळी यांच्यामधून हवा वेगाने जाते, दाब घटतो आणि नाक खाली ओढले जाते. फळी ४० सेंटिमीटर मागेपर्यंत सपाट नेली आणि खालचा दाब सरासरी ३०० पास्कलने जरी उतरला, तरी जवळपास २० किलो मिळतात. मात्र ही फळी बंपरला नव्हे, चेसिसला घट्ट बांधायची. वर माणूस उभा राहिला तरी ती वाकता कामा नये. आणि मागे काहीच न करता फक्त पुढचा भार वाढवला, तर वेगवान वळणात गाडीची शेपूट बाहेर सुटते.

कंपनीचा बंपर पॉलिप्रॉपिलीनचा असतो. धक्का बसला की वाकतो आणि बऱ्याचदा परत जागेवर येतो. फायबरचा तडकतो. कार्बनचा हलका खरा, पण फुटला की धारदार तुकडे ट्रॅकवर पसरतात आणि मागून येणाऱ्यांचे टायर फाडू शकतात. म्हणून पहिल्या हंगामाला मी जुन्या बाजारातला कंपनीचाच बंपर सुचवेन. त्यात हवी तिथे भोके पाडा, नको तिथली बंद करा. त्यामागचा लोखंडी बीम वजन कमी करण्याच्या नादात कापू नका. धडकेचा पहिला मार तोच घेतो, आणि एअरबॅगचे पुढचे सेन्सरही त्याच भागाच्या आसपास असतात. गाडी अजून रस्त्यासाठी नोंदलेली असेल, तर कंपनीच्या मूळ रचनेत फेरबदल करण्यावर निर्बंध घालणारे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लागू होते, त्यामुळे असे बदल ट्रेलरवरून ट्रॅकला जाणाऱ्या गाडीवरच करावेत.