उन्हानं नराची मादी होते का?

भंडारा जिल्ह्यात माझ्या मामाजींचं शेततळं आहे. फेब्रुवारीत त्यांनी तिलापिया माशाची मोनोसेक्स बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली, म्हणजे सगळे नर. नर लवकर वाढतो आणि तळ्यात पिल्लांची गर्दी होत नाही, म्हणून हे बीज महाग असलं तरी लोक घेतात. मे संपता संपता काठाशी बारीक पिल्लांचे थवे दिसू लागले. मामाजी म्हणाले, "यंदा उन लय तपलं बापू, नराच्या माद्या झाल्या वाट्टे."

पाण्याच्या तापमानानं काही माशांचं लिंग ठरतं हे खरं आहे. म्हणूनच हा गैरसमज सहज पटतो.

काही माशांत नर की मादी हे अंडं फळतं त्याच क्षणी गुणसूत्रांवर ठरतं. जपानच्या भातखाचरांतला मेडाका तसा आहे. त्याच्या वाय गुणसूत्रावरचा नर ठरवणारा जनुक २००२ साली सापडला. आपल्याकडे येणाऱ्या नाईल तिलापियातही मादी एक्सएक्स आणि नर एक्सवाय. त्याच्या जवळच्या निळ्या तिलापियात मात्र उलटं, तिथं मादीची दोन गुणसूत्रं वेगळी असतात.

दुसऱ्या प्रकारात पिल्लू कोणत्या पाण्यात वाढतं यावर निकाल लागतो. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या सिल्व्हरसाइड या लहान माशाबद्दल कोनोव्हर आणि कायनार्ड यांनी १९८१ साली हे दाखवलं. थंड पाण्यात माद्या जास्त, उबदार पाण्यात नर जास्त. यामागचा हिशेब मला फार आवडतो. हंगामाच्या सुरुवातीला, पाणी गार असताना जन्मलेल्या पिल्लाला वाढायला जास्त दिवस मिळतात, आणि मोठ्या अंगाची मादी अंडी जास्त देते. हाच मासा उत्तरेकडे, जिथं हंगाम आखूड असतो, तिथं तापमानाला फारसा जुमानत नाही.

आता घोळ होतो तो इथं. नाईल तिलापियाची कोवळी पिल्लं ३६ अंशांच्या आसपासच्या पाण्यात काही आठवडे वाढवली, तर एक्सएक्स पिल्लांतलीही बरीच नर होतात. नर संप्रेरकापासून मादी संप्रेरक बनवणारं अ‍ॅरोमाटेज नावाचं विकर उष्णतेनं मंदावतं आणि अंडाशयाऐवजी वृषण तयार होतं. मग तिलापियाही दुसऱ्या प्रकारात गेला का? नाही. त्याचा निकाल जनुकांनीच दिलेला असतो, फक्त टोकाच्या उष्णतेनं तो फिरवला. मासा निसर्गात एरवी ज्या तापमानात राहतो, त्या मर्यादेत नर-मादीचं प्रमाण हलतं का, हे बघायचं. स्पेनच्या ऑस्पिना-अल्वारेझ आणि पिफेरर यांनी २००८ साली याच कसोटीवर जुनी यादी तपासली, तेव्हा तापमानावर लिंग ठरणारे म्हणून नोंदलेले बरेच मासे प्रत्यक्षात जनुकांवर चालणारे निघाले.

क्लाउनफिश मोठेपणी नराची मादी होतो, पण ती लिंगबदलाची वेगळीच गोष्ट.

म्हणजे मामाजींचा अंदाज दोन ठिकाणी चुकत होता. उष्णता तिलापियाला नराकडे ढकलते, मादीकडे नाही. आणि तिचं चालतं ते अंड्यातून निघाल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत. बोटुकली तळ्यात आली तोवर तो काळ उलटून गेलेला होता. मे महिन्याच्या उन्हाचा यात काही हात नाही.

माद्या आल्या त्या बीजातूनच. मोनोसेक्स बीज करताना पिल्लांना तीन-चार आठवडे मिथाइल टेस्टोस्टेरॉन हे नर संप्रेरक मिसळलेलं खाद्य देतात. ज्या पिल्लांच्या पोटात ते कमी गेलं, त्यांतल्या एक्सएक्स पिल्लांच्या माद्याच राहतात. ज्यांनी पोटभर खाल्लं ती एक्सएक्स पिल्लं देहानं नर होतात, पण त्यांचं शुक्र फक्त एक्स घेऊन जातं. अशा नराची जोडी साध्या मादीशी लावली, तर जवळपास सगळी पिल्लं माद्या निघतात! याच्या उलट, पिढ्या जुळवून दोन्ही वाय असलेला नर तयार केला, तर त्याची पिल्लं बहुतेक सगळी नर, आणि त्यांना संप्रेरकाचा एक दाणाही लागत नाही.

हे सांगितल्यावर मामाजींनी जाळं टाकलं. एकेक मासा उलटा धरून पोटाखालची छिद्रं पाहिली: नराला दोन, मादीला तीन. सतराव्या माशाला तीन निघाली. तिलापियाची मादी अंडी तोंडात सांभाळते. त्याचं तोंड उघडलं, तर आत पिवळी अंडी भरलेली होती.