मायटोसिस की मायोसिस? कांद्याच्या मुळापासून केळीच्या पिलापर्यंत

जळगावला बीएस्सी करताना जेनेटिक्सच्या तासाला पेशीविभाजनाच्या दोन प्रकारांची ही नावं इतकी सारखी ऐकू यायची, की मागच्या बाकांवरच्या वह्यांत एकाच्या जागी सर्रास दुसरं असायचं. त्यात अवस्थांची नावंही तीच : पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. ती घोकून काही उजेड पडत नाही. माझा पडला प्रॅक्टिकलला, तोही फजितीनंतर.

मायटोसिस, म्हणजे वाढीसाठी होणारं विभाजन, सोपं. पाण्याच्या ग्लासावर कांदा ठेवला की तीन-चार दिवसांत पांढरी मुळं सुटतात. टोकाचे दोन-तीन मिलिमीटर कापायचे, अल्कोहोल आणि अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडच्या 3:1 मिश्रणात ठेवायचे, अ‍ॅसिटोकार्मिननं रंगवून कव्हरस्लिपवर अंगठा दाबायचा. कांद्याची 16 गुणसूत्रं मध्यावर एकेकटी येऊन थांबलेली असतात. प्रत्येक उभं चिरतं, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. दोन पेशी, दोन्हींत 16.

मायोसिसला, म्हणजे ज्यातून परागकण आणि अंडपेशी तयार होतात त्या विभाजनाला, मूळ चालत नाही, डेंगळ्याच्या (कांद्याच्या फुलदांड्याच्या) गोंड्यातली कळी लागते. आम्ही शेतातून मोठ्या ऐटीत उमललेली फुलं आणली. स्लाइडवर नुसते परागकण! मायोसिस केव्हाच उरकलं होतं. बारीक, घट्ट मिटलेली कळी फोडली तेव्हा कुठे दिसलं : इथे 16 गुणसूत्रं 8 जोड्या करून येतात. आईकडचं आणि बापाकडचं गुणसूत्र एकमेकांना बिलगतं, तुकड्यांची अदलाबदल करतं आणि मग जोडी फुटते. पाठोपाठ दुसरं विभाजन, ते दिसायला थेट मायटोसिससारखं (तोंडी परीक्षेत मुलं इथेच घसरतात). शेवटी चार पेशी, प्रत्येकीत 8.

म्हणजे खरा फरक जोडी जुळण्याचा. आणि त्याचा पुरावा रावेर-यावलच्या बांधावर उभा आहे. आपल्या केळीत 11 गुणसूत्रांचे तीन संच, एकूण 33. तिघांच्या जोड्या लावणार कशा? मायोसिस गडबडतं, बी धरत नाही. गर मात्र फलनाशिवायही भरतो, तो केळीचा वेगळा गुण. मायटोसिसला जोडीदाराची गरजच नाही, म्हणून बुंध्याशी पील, म्हणजे नवा कोंब, बिनघोर फुटतं, 33 च्या 33 गुणसूत्रं घेऊन, आणि शेतकरी त्यावरच पुढची पीलबाग धरतो. केळं कापल्यावर मधोमध दिसणारे काळे ठिपके म्हणजे होता होता राहिलेल्या बिया.