'शॅल'चा गुंता : पार्श्वभूमी

इंग्रजीत भविष्यकाळ सांगताना 'आय' आणि 'वुई'पुढे शॅल, बाकी सगळ्यांपुढे विल. वचन, निश्चय किंवा हुकूम असेल तर नेमके उलट. मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतलेला हा नियम इंग्रजीच्या मुळातला नाही.

जुन्या इंग्रजीत 'शॅल'च्या पूर्वजाचा अर्थ होता 'देणे लागणे' आणि 'विल'चा 'इच्छिणे'. झिजत झिजत दोन्ही सहायक क्रियापदे झाली. आपले 'पाहिजे' असेच घडले. ते 'पाहणे'चे जुने कर्मणी रूप. पण 'जायला पाहिजे' म्हणताना आज कोणाला पाहणे आठवते?

नियम आला १६५३ मध्ये. ऑक्सफर्डच्या एका भूमितीच्या प्राध्यापकाने परदेशी लोकांना इंग्रजी शिकता यावे म्हणून लॅटिनमध्ये व्याकरण लिहिले, त्यात ही विभागणी आहे. पुढच्या शतकातल्या व्याकरणकारांनी ती उचलली, मग शालेय पुस्तकांनी. स्कॉटलंड, आयर्लंड, अमेरिकेतल्या बोलण्यात ती कधी नीट रुजलीच नाही. तरी आपल्या मुलांचे गुण त्यावर कापले गेले, हा मला अन्याय वाटतो.

खरा गुंता कायद्यात आहे. मसुद्यात शॅल म्हणजे बंधन आणि मे म्हणजे मुभा, असे धरले जाते. मराठी अनुवादात शॅलचे 'करील', 'असेल' होते, मेचे 'करता येईल'. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२०(३) मध्ये, सरकारी कर्मचाऱ्यावरच्या शिस्तभंगाच्या बाबतीत लोकसेवा आयोग 'शॅल बी कन्सल्टेड', म्हणजे त्याचा सल्ला घेतला जाईल, असे शब्द आहेत. उत्तर प्रदेशातल्या एका कर्मचाऱ्याचे प्रकरण यावरून सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५७ च्या निकालात ठरले की ही तरतूद वकिलांच्या भाषेत 'मँडेटरी' (पाळलीच पाहिजे अशी) नव्हे, 'डिरेक्टरी' (नुसती दिशा दाखवणारी) आहे. सल्ला घ्यायचा राहिला म्हणून कारवाई रद्द होत नाही. काही बाबी सल्ल्यातून वगळण्याची सोय त्याच अनुच्छेदात आहे, आणि आयोगाचा सल्ला शासनावर बंधनकारकही नाही, ही त्यामागची कारणे. ती समजण्यासारखी आहेत. पण ज्याची नोकरी पणाला लागली आहे, त्याने 'शॅल' वाचून काय समजायचे?

अमेरिकेने २००७ मध्ये दिवाणी प्रक्रियेच्या संघीय नियमांतून शॅल काढून जागेनुसार मस्ट, मे, शुड घातले. आपल्याकडे २०२३ ची भारतीय न्याय संहिता कलमामागून कलम 'शॅल बी पनिश्ड' असेच म्हणते.