वाळूत धावणं आणि स्नोशू बांधून बर्फात धावणं: दमछाक सारखी, काम वेगळं

गुलमर्ग नाहीतर मनाली करून आलेला धावणारा गोव्यात परतला की त्याच्या डोक्यात स्नोशूची शर्यत घोळायला लागते. पाठोपाठ एक हिशेबही येतो: आपल्याकडे बर्फ नाही, पण वाळू आहे, मोरजीपासून बाणावलीपर्यंत हवी तेवढी. दोन्हीत पाय रुततो, दोन्हीत दम लागतो, मग मऊ वाळूत तासभर धावणाऱ्याला बर्फ जड का जावा? हा हिशेब अर्धा बरोबर आहे. उरलेला अर्धा नेमका शर्यतीच्या दिवशी महागात पडतो, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहू.

आधी स्नोशू म्हणजे काय ते. बर्फातला खेळ म्हटलं की आपल्याला स्की आठवते. स्कीवर माणूस घसरत जातो. स्नोशूवर घसरायचं नसतंच, पाऊल उचलून पुढे टाकायचं असतं. अॅल्युमिनियमची हलकी लांबट चौकट, तिच्यात ताणून बसवलेलं चिवट कापड किंवा प्लास्टिक, मधोमध बूट आवळायचे पट्टे आणि खाली धातूचे दात. बूट आपला नेहमीचा, ट्रेलवर धावायचा. शर्यतीचे स्नोशू भटकंतीच्या स्नोशूंपेक्षा आखूड, अरुंद आणि हलके असतात, जोडीचं वजन साधारण एक ते सव्वा किलो. अमेरिकेतल्या शर्यतींच्या नियमानुसार एका स्नोशूचं क्षेत्रफळ किमान १२० चौरस इंच, म्हणजे सुमारे ७७५ चौरस सेंटिमीटर भरावं लागतं.

या आकड्यातच सगळी गोम आहे. धावायच्या बुटाचा तळ ढोबळमानाने २२० चौरस सेंटिमीटर धरा. पासष्ट किलोचा माणूस एका पायावर आला की बुटाखाली दर चौरस सेंटिमीटरला जवळपास ३०० ग्रॅम भार पडतो. स्नोशूखाली तोच भार ८५ ग्रॅमच्या आत येतो. बर्फात पाय मांडीपर्यंत जायचा तो घोट्याच्या आसपास अडतो. वाळूत आपण यातलं काहीच करत नाही. उलट अनवाणी उतरतो, म्हणजे तळ आणखी लहान करतो. एका ठिकाणी साधन वापरून रुतणं टाळायचं, दुसऱ्या ठिकाणी मुद्दाम रुतायचं. वरून सारखे दिसणारे हे दोन व्यायाम इथेच वेगळ्या वाटांना लागतात.

मिरामारला पाण्यापासून दूर, कोरड्या वाळूत दहा-वीस पावलं धावा आणि वळून आपलेच ठसे नीट बघा. टाचेचा खड्डा खोल, त्याच्या कडा ढासळलेल्या. चवड्याच्या मागे वाळूची एक छोटी रास साचलेली. ती रास म्हणजे वाया गेलेला जोर. पुढे जाण्यासाठी पायाने मागे रेटा दिला, वाळू सरकली आणि पाऊलही तेवढं मागे आलं. आता दबलेल्या बर्फावरचा स्नोशूचा ठसा डोळ्यांसमोर आणा: सपाट, पुढून मागून जवळजवळ एकाच खोलीचा, मधे दातांच्या खाचा. मागे घसरल्याची खूण फारशी नाही, कारण दातांनी बर्फ धरून ठेवलेला असतो. वाळूत रेटा वाया जातो, बर्फात तो बऱ्यापैकी हाती लागतो.

मग बर्फात दम कशाने लागतो? उचलण्याने. पायात अर्ध्या किलोहून जास्त वजन आणि चौकटीवर पडलेला बर्फ, हे दर पावलाला वर घ्यावं लागतं. बुटाचं वजन १०० ग्रॅमने वाढलं की धावताना लागणारा प्राणवायू साधारण एक टक्क्याने वाढतो, हे प्रयोगांनी पुन्हा पुन्हा दाखवलेलं आहे. म्हणजे नुसत्या वजनापायी पाच-सहा टक्के गेले, आणि बर्फाचा अडथळा अजून धरलेलाच नाही. वाळूचा हिशेब वेगळा. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ साली मोजून दाखवलं की कडक जमिनीच्या तुलनेत वाळूत त्याच वेगाने चालायला २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते आणि धावायला सुमारे १.६ पट. वाळूमुळे चालणं धावण्यापेक्षा जास्त पटीने महाग होतं हे ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं. पण किनाऱ्यावर जोरात चालून बघा, पोटऱ्या लगेच सांगतील.

पोटऱ्यांचं नाव निघालं म्हणून सांगतो. वाळू पोटरी, घोटा आणि टाचेमागचं अकिलीस टेंडन यांच्यावर सगळ्यात जास्त भार टाकते. टाच खाली बसते, पोटरी ताणली जाते आणि त्याच ताणातून उडी घ्यावी लागते. गोव्यातले फुटबॉलवाले हंगामाआधी वाळूत घाम गाळतात तो याचसाठी, घोटा पोलादी होतो. स्नोशूत मात्र आधी बोलतात ते जांघेतले, मांडी वर उचलणारे स्नायू. मग नितंब. मग नडगीच्या पुढचा स्नायू, कारण चौकटीचं टोक बर्फात अडकू नये म्हणून चवडा सतत वर धरावा लागतो. आणि सगळ्यात अनपेक्षित म्हणजे मांडीची आतली बाजू. स्नोशू बुटापेक्षा रुंद असतो, त्यामुळे पावलं थोडी फाकवून टाकावी लागतात. जरा थकवा आला की पाय सवयीने जवळ येतात, एका स्नोशूची कडा दुसऱ्यावर पडते आणि माणूस तोंडघशी. नवख्यांचं पडणं बहुतेक असंच असतं, त्यात बर्फाचा दोष नसतो.

म्हणून स्नोशूवरची चाल वेगळी शिकावी लागते. पाऊल आखूड, गुडघा नेहमीपेक्षा वर, टाच न आपटता पाऊल जवळजवळ सपाट टेकवायचं. चढावर दात बर्फात रुतू द्यायचे, चवड्यावर भर द्यायचा. उतारावर मागे झुकायचा मोह होतो, आणि मागे झुकलं की दातांवरचा भार जाऊन पाय निसटतो. शरीर किंचित पुढे ठेवून दातांवर विश्वास टाकावा लागतो, आणि हे धैर्य सरावानेच येतं. मागे पाऊल टाकायचं नाही, चौकटीची शेपटी बर्फात घुसते. यातली एकही गोष्ट वाळू शिकवत नाही. वाळूत गुडघा फार उचलला तर उलट खाली येणारं पाऊल जास्त खोल जातं, म्हणून तिथला सराईत धावणारा पाय खालीच ठेवून झपझप पावलं टाकतो. दोन्ही सवयी एकमेकींच्या विरोधात जातात.

शर्यतीचं गणितही तितकंच वेगळं आहे. किनाऱ्यावर प्रत्येक जण आपली वाट निवडतो. लाटेने ओली झालेली घट्ट पट्टी सापडली की झालं, तिथे चौघे-पाच जण शेजारी शेजारीही धावू शकतात. ताज्या बर्फातल्या शर्यतीत पुढचे धावणारे वाट पाडतात आणि मागच्यांना दबलेली अरुंद पायवाट मिळते. तिच्यावर राहिलं तर सोपं जातं, पण पुढच्याला मागे टाकायचं तर वाट सोडून बाजूच्या भुसभुशीत बर्फात उतरावं लागतं, आणि तिथली वीस-तीस पावलं फुप्फुसं बाहेर काढतात. त्यामुळे सुरुवात फार मोलाची ठरते. वाट अरुंद होण्याआधी आपल्या वेगाच्या माणसांत जागा पकडायची, आणि ओलांडायचं ते वळणावर किंवा वाट रुंद होते तिथे. मला या खेळातलं हेच सगळ्यात आवडतं. नुसत्या दमाच्या जोरावर तो जिंकता येत नाही, डोकंही चालवावं लागतं.

अंतरं आवाक्यातली असतात. मोठ्या स्पर्धांमध्ये दहा किलोमीटरच्या आसपासची शर्यत नेहमीची. इटलीच्या त्रेंतिनो भागातल्या फोंदो गावी १९७३ पासून ‘चास्पोलादा’ नावाची शर्यत होते, जानेवारीत, थ्री किंग्जच्या सणाच्या सुमारास. त्यात वेगाने धावणारे असतात तसे सहकुटुंब चालत जाणारेही असतात. आपल्याकडे रेइश मागुशचा सण त्याच दिवसांत येतो, त्यामुळे ही तारीख गोवेकरांच्या सहज लक्षात राहावी. हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्नोशू नाही, पण बौद्धिक दिव्यांग खेळाडूंच्या स्पेशल ऑलिंपिक्समध्ये आहे, लहान-मोठ्या अंतरांच्या शर्यती आणि रिलेसुद्धा. २०२५ च्या मार्चमध्ये तुरिनला झालेल्या स्पेशल ऑलिंपिक्सच्या जागतिक हिवाळी स्पर्धेत भारताचे खेळाडू स्नोशूवर धावले. बौद्धिक दिव्यांग मुलांसोबत गोव्यात काम करणाऱ्या शिक्षकांनी आणि पालकांनी या खेळाकडे जरूर बघावं असं मला मनापासून वाटतं. धावता येणाऱ्या मुलाला यात शिरायला स्कीसारखी वर्षानुवर्षांची तयारी लागत नाही.

तर मग गोव्यात राहून तयारी कशी करायची? वाळू सोडायची नाही, पण तिला तिच्या जागी ठेवायची. पावसाळ्यात समुद्र किनारे खातो आणि ऑक्टोबरपासून वाळू परत भरायला लागते. जानेवारी-फेब्रुवारीच्या शर्यतीसाठी हे वेळापत्रक सोयीचंच आहे. पावसाळा संपेपर्यंत चढ आणि पायऱ्या करायच्या. पणजीत आल्तिनोचा चढ आहे, मळ्यातून मारुती मंदिराकडे जाणाऱ्या पायऱ्या आहेत. सत्तरीकडच्यांना चोर्ला घाट जवळ. पायऱ्यांवर एक सोडून एक पायरी घेत गुडघा वर उचलायचा, म्हणजे जांघेतले स्नायू तयार होतात. घोट्याला वजनाचे पट्टे बांधून धावू नये, गुडघ्याचे हाल होतात. बांधायचेच तर हलके बांधून फक्त चालावं.

ऑक्टोबर उजाडला की वाळूत उतरायचं, ओहोटीची वेळ बघून. पहिले दोन आठवडे ओल्या पट्टीवर, मग थोडं थोडं कोरड्या वाळूत, आणि सुरुवातीला बूट घालून. किनारा पाण्याकडे उतरता असतो, म्हणून जाताना जो पाय खालच्या अंगाला होता तो येताना वरच्या अंगाला येईल असं त्याच रेषेवरून परत यायचं. नाहीतर एकाच बाजूचा गुडघा आणि कंबर धरते. स्नोशूची जोडी हाती लागली तर ती बांधून कोरड्या, खोल वाळूत चालायला हरकत नाही, रुंद पावलांची सवय तिथेच लागते. फक्त शिंपले आणि खडक टाळायचे, दात बोथट होतात.

खरं सांगायचं तर बर्फातल्या उचलण्याच्या जास्त जवळ जातो तो शेतातला चिखल. पाय रुततो, धरला जातो आणि गुडघ्यातून वर ओढावा लागतो, हुबेहूब तसाच. माशेलच्या चिखलकाल्यात खेळलेल्याला हा ओढा ठाऊक असेल. मात्र पावसाळ्यातल्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. पायावर ओरखडा जरी असला तरी उतरू नये, आणि बाहेर आल्यावर पाय साबणाने स्वच्छ धुवावेत.

काही गोष्टींना मात्र गोव्यात पर्याय नाही. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटीहून थोडा कमीच भरतो आणि श्वासाला मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. बाणावलीला ज्या वेगाने गप्पा मारत धावता येतं, तिथे त्याच वेगाने बोलणं बंद होतं. थंडीची गोष्ट तशीच. आपल्या जानेवारीतही पहाटेचा पारा विशीच्या आसपास असतो, तिथे रात्री तो शून्याखाली उतरतो. आपल्याला घाम निथळू देण्याची सवय, तर तिथे घाम हाच शत्रू. धावताना स्नोशूची शेपटी मागे बर्फ उडवते, तो पाठीवर आणि पोटऱ्यांवर वितळतो, आणि सुती कपडा ओला झाला की अंगाची ऊब ओढून घेतो. म्हणून सुती काही नको, आत घाम बाहेर टाकणारा पातळ थर आणि वर वारा अडवणारा. सुरुवातीच्या रेषेवर थोडं कुडकुडायला झालं तर कपडे बरोबर आहेत असं समजावं.

आणि डोळे. कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी सुमारे १५ टक्के परत फेकते, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत. त्यात दर हजार मीटर उंचीमागे ही किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. आयुष्यभर गोव्याच्या उन्हात वावरलेला माणूस गॉगलशिवाय निघतो आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. डोळ्याच्या बाजूही झाकणारा गॉगल घ्यावा, आणि हनुवटीखाली व नाकपुड्यांच्या कडांनाही सनस्क्रीन लावावं, कारण तिथे ऊन खालूनही येतं.

शर्यत ठरली की निदान चार-पाच दिवस आधी वर पोचा. पहिला दिवस नुसता चालण्याचा, धावणं नाही. तहान लागत नाही तरी पाणी पीत राहायचं, कोरड्या हवेत प्रत्येक श्वासातून पाणी जात असतं. आपली उकड्या तांदळाची पेज तिथे मिळणार नाही, थोडे तांदूळ सोबत न्यावेत, शर्यतीच्या आदल्या दिवशी ओळखीचं अन्न पोटाला मानवतं. दुसऱ्या दिवसापासून स्नोशू बांधून सपाटीवर, मग चढावर, आणि उतार सगळ्यात शेवटी. पट्टे हातमोजे घालूनच आवळायचा सराव करा. हा सराव नसेल तर शर्यतीत पट्टा सुटल्यावर हातमोजे काढावे लागतात, आणि गारठलेल्या बोटांना ते पुन्हा चढवणं जमत नाही.