ब्लेझरची क्ष-किरण परिवर्तनशीलता व वर्णपट

सक्रिय दीर्घिकेच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवरातून सुटणारा वेगवान झोत जवळजवळ पृथ्वीच्या रोखाने असला की तिला ब्लेझर म्हणतात. हे नाव एडवर्ड स्पीगेल यांनी १९७८ च्या पिट्सबर्ग परिषदेत सुचविले. गटाचा आद्य नमुना बीएल लॅसर्टी १९२९ मध्ये साधा रूपविकारी (तेज बदलणारा) तारा म्हणूनच नोंदला गेला होता.

ब्लेझरच्या वर्णपटाला (कोणत्या ऊर्जेचे प्रारण किती, याच्या आलेखाला) दोन उंचवटे असतात. मार्केरियन ४२१ व ५०१ यांसारख्या ब्लेझरांत क्ष-किरण पहिल्या, म्हणजे सिंक्रोट्रॉन (चुंबकी क्षेत्रात फिरणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांच्या प्रारणाच्या) उंचवट्याचे. तेज वाढले की वर्णपट सहसा कठोर होतो, म्हणजे त्यात अधिक ऊर्जेच्या किरणांचा वाटा वाढतो. १९९७ च्या उद्रेकात मार्केरियन ५०१ च्या या उंचवट्याचे शिखर सुमारे १०० किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचे एकक) इतक्या ऊर्जेपर्यंत सरकल्याचे बेपोसॅक्स उपग्रहाने टिपले. ३सी २७९ सारख्या ब्लेझरांचे क्ष-किरण मुख्यतः दुसऱ्या उंचवट्याचे, म्हणजे व्यस्त कॉम्प्टन प्रकीर्णनाचे (वेगवान इलेक्ट्रॉनांनी प्रकाशकणांना ऊर्जा देण्याचे).

वादाचा मुद्दा वेटोळ्यांचा. तेज व कठोरता यांचा आलेख काढला तर बिंदू चढताना एका वाटेने व उतरताना दुसऱ्या वाटेने जातात आणि वेटोळे तयार होते. १९९४ मधील आस्का उपग्रहाच्या निरीक्षणांत मार्केरियन ४२१ चे मृदू (कमी ऊर्जेचे) क्ष-किरण कठोर किरणांच्या सुमारे तासभर मागे पडलेले दिसले. अधिक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन लवकर थंडावतात, म्हणून कठोर किरण आधी ओसरतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले गेले व त्यावरून चुंबकी क्षेत्राचा अंदाजही बांधला गेला. इलेक्ट्रॉनांच्या त्वरणाला (वेग मिळण्याला) थंडावण्याइतकाच वेळ लागत असेल, तर मात्र वेटोळे उलटे फिरायला हवे. पाठ्यपुस्तकात हे चित्र फार नेटके दिसते. प्रत्यक्षात एकाच ब्लेझरची वेटोळी दोन्ही दिशांनी फिरलेली आढळतात. पृथ्वीलगतच्या कक्षेतील उपग्रहाचे निरीक्षण दर सुमारे दीड तासाने खंडित होते, तेव्हा ही पिछाडी त्या खंडांचीच करामत असावी, असा आक्षेप २००१ च्या सुमारास आला. खंडांमुळे अनिश्चितता वाढते, पण पिछाडी सर्वस्वी आभासी ठरत नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते. लांबट कक्षेतील एक्सएमएम-न्यूटनची सलग निरीक्षणे म्हणूनच मोलाची.

मार्च २०२२ मध्ये आयएक्सपीई उपग्रहाने मार्केरियन ५०१ च्या क्ष-किरणांचे ध्रुवण (तरंगांची कंपने एकाच दिशेत असण्याचे प्रमाण) सुमारे १० टक्के मोजले, दृश्य प्रकाशाच्या दुपटीइतके. त्यामुळे इलेक्ट्रॉनांना वेग झोतातील आघात-तरंगात (दाबाच्या एकाएकी उसळणाऱ्या लाटेत) मिळतो, ही बाजू बळावली आहे. भारताच्या ॲस्ट्रोसॅटवरील (२०१५) मृदू क्ष-किरण दुर्बीण व लॅक्सपीसी हा कठोर क्ष-किरणांचा शोधक मिळून ०·३ ते ८० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचा पट्टा एकाच वेळी पाहतात.

क्ष-किरण वातावरणातच शोषले जातात. बेळगाव-खानापूरच्या हौशी निरीक्षकाला दृश्य प्रकाशच उपलब्ध, आणि त्यातले चढउतार क्ष-किरणांशी जुळतीलच असे नाही. सप्तर्षीतील मार्केरियन ४२१ (सुमारे १३ वी प्रत) एप्रिलच्या सुरुवातीला रात्री साडेदहाच्या आसपास उत्तरेस सुमारे ६८ अंशांवर येतो. जांबोटी-कणकुंबीकडच्या काळोखात दहा इंची दुर्बिणीतून तो ताऱ्यासारखा दिसावा. दक्षिणेकडील पीकेएस २१५५-३०४ ऑगस्टमध्ये मध्यरात्री माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेत येतो, तेव्हा इथे पाऊस असतो; त्यासाठी दिवाळीनंतरची संध्याकाळ बरी.