किती दिवसांची शाळा? रिमांड होममधल्या वर्गांची पार्श्वभूमी

मुंबईत डोंगरीला, उमरखाडीत एक जुना तुरुंग होता. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे दिवाण बर्व्यांच्या बदनामीच्या खटल्यात, टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली ती त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढली, आणि १०१ दिवसांनी ते सुटले. हे शाळेत सगळ्यांनीच वाचलेलं असतं. पण दोघंही तेव्हा पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधले मास्तर होते ही गोष्ट आपण त्या संदर्भात आठवत नाही. मला ती आठवायचं कारण असं की पुढे १९२७ नंतर त्याच तुरुंगाच्या जागेत रिमांड होम झालं, म्हणजे गुन्ह्यात किंवा रस्त्यावर सापडलेल्या लहान मुलांना तिथे ठेवायला लागले, तिथे फळा आला, खडू आला, हजेरीपट आला.

फरक एवढाच की त्या दोन मास्तरांना आत जाताना माहीत होतं आपण जास्तीत जास्त किती दिवस आत असणार. नंतर तिथे आलेल्या पोरांना हे माहीत नसायचं, त्यांच्या शिक्षकांनाही नसायचं. माझ्या मते अशा वर्गांचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो, पोरगं किती दिवस आहे? कायदे बदलले, पाट्या बदलल्या, प्रश्न तोच.

सुरुवात मात्र उमरखाडीपासून नाही. १८५० मध्ये दोन गोष्टी जवळपास एकदम झाल्या. एक म्हणजे अप्रेंटिस कायदा आला, ज्यात १० ते १८ वयाची अनाथ, गरीब किंवा किरकोळ गुन्ह्यात सापडलेली मुलं एखाद्या कारागिराकडे शिकाऊ म्हणून बांधून देता यायची. बांधून देणं हाच शब्द बरोबर आहे, कारण करारच तसा असायचा. दुसरी, बॉम्बे टाइम्सचे संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट यांनी शिवडीत अशा मुलांसाठी एक उद्योगशाळा काढली. १८५७ मध्ये बगदादहून आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांनी तिला मोठा आधार दिला आणि संस्थेला त्यांचं नाव लागलं. माहीमची डेव्हिड ससून औद्योगिक शाळा ती हीच. तिथे काय शिकवायचे तर सुतारकाम, लोहारकाम, असले हातचे धंदे. वाचन-लेखन जोडीला.

हे 'जोडीला' लक्षात ठेवा.

कारण पुढे १८७६ मध्ये आणि मग सुधारून १८९७ मध्ये रिफॉर्मेटरी स्कूल्सचा, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या मुलांच्या सुधारशाळांचा कायदा आला, त्यात स्कूल हा शब्द नावातच आहे, पण अशा शाळेत काय काय असलंच पाहिजे त्याची यादी बघितली तर रात्री मुलांना वेगवेगळं ठेवायची सोय, स्वच्छता, पाणी, अन्न, कपडे, अंथरूण, आजारी मुलांसाठी दवाखान्याची खोली आणि औद्योगिक प्रशिक्षणाची साधनं. बस. गणित, वाचन, पुस्तकं यांचा उल्लेख त्या यादीत नाही. म्हणजे 'शाळा' होती पण ती वर्कशॉपच्या पोटातून जन्मली, आणि शिक्षण म्हणजे 'हाताला काम' ही समजूत तिथून जी चिकटली ती आजही सुटलेली नाही, कुठल्याही संस्थेत नवीन पाहुणे आले की आधी शिवणयंत्रं आणि सुतारकामाचा विभाग दाखवतात, लायब्ररीचं कुलूप शोधावं लागतं.

पण एक कबूल करायला हवं, त्या जुन्या कायद्यात वेळ मिळायचा. १८९७ च्या कायद्याप्रमाणे १५ च्या आतल्या मुलाला किमान ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं ठेवता यायचं, १८ नंतर मात्र नाही. चिल्लर चोरीसाठी तीन वर्षं ही क्रूरताच, पण तेवढ्या वेळात मुलगा एक धंदा पूर्ण शिकून बाहेर पडू शकायचा. आणखी एक गोष्ट, हा कायदा फक्त मुलग्यांसाठी होता, मुली त्यात नाहीतच.

मग मुली कुठे होत्या? कोठडीच्या बाजूला नाही तर आसऱ्याच्या बाजूला, आणि इथे आपल्याकडचा इतिहास एकदम वेगळ्या वळणाचा आहे. १८६३ मध्ये फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. १८७५ मध्ये पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या लोकांनी बालकाश्रम काढला. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ चं, आणि मग १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकड्याने मुली-बायका उचलून आणल्या आणि केडगावला मुक्ती उभं राहिलं, तिथे शाळा, विणकाम, छापखाना, आंधळ्या मुलींना ब्रेल. हे सगळं चालवणारे मुळात शिक्षणवाले लोक होते, त्यामुळे तिथे अक्षर आधी आणि धंदा जोडीला. सरकारी रिफॉर्मेटरीत उलटं. एकाच काळात, एकाच प्रांतात ही दोन टोकं होती आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध आला नाही, याचं मला कायम नवल वाटतं.

तिसरा एक प्रकार होता तो आपण या यादीत धरतच नाही. सोलापूरची सेटलमेंट. गुन्हेगार जमाती कायद्याखाली अख्खी कुटुंबंच तारेच्या कुंपणात, रोज हजेरी, आणि आत मुलांसाठी शाळा. या खात्याचे अधिकारी स्टार्ट म्हणून होते, तेच ज्यांच्या नावाची १९२८ ची स्टार्ट कमिटी (दलित आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करणारी), ज्यात डॉ. आंबेडकर सदस्य होते. त्या पोरांनी काहीही केलेलं नव्हतं, फक्त जन्म चुकीच्या जमातीत झाला होता, तरी त्यांची शाळा कुंपणाच्या आत. १९५२ मध्ये कायदा गेला, सेटलमेंट हा शब्द सोलापुरात अजून पत्त्यात चालतो. किती दिवस, या प्रश्नाचं इथलं उत्तर सगळ्यात भयंकर होतं, कारण तारीखच नव्हती.

आता १९१९-२० च्या तुरुंग समितीकडे येऊ. तिने स्पष्ट सांगितलं की मुलांची जागा तुरुंगात नाही आणि त्यांची कोर्टंही वेगळी हवीत. मद्रासने १९२० ला कायदा केला, बंगालने १९२२ ला, मुंबईने १९२४ ला. (विदर्भ तेव्हा आपल्याकडे नव्हता, मध्य प्रांताचा कायदा १९२८ चा.) मुंबईत अंमल सुरू झाला १९२७ मध्ये, त्याच वर्षी चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली, मुलांचं कोर्ट आलं, आणि उमरखाडीत रिमांड होम. १९२९ मध्ये बोर्स्टल कायदाही झाला, इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या बोर्स्टल गावावरून ते नाव, थोड्या मोठ्या पोरांसाठी. नाशिकचं किशोर सुधारालय त्या वंशावळीतलं.

रिमांड होम या शब्दाकडे जरा बघा. रिमांड म्हणजे चौकशी होईपर्यंत राखून ठेवणं. म्हणजे ही जागा शिकायची नव्हे, थांबायची, स्टेशनवरच्या वेटिंग रूमसारखी. चौकशी संपली की मूल घरी जाणार, किंवा सर्टिफाइड स्कूलमध्ये जाणार, तिथे खरी शाळा. कागदावर चोख व्यवस्था. प्रत्यक्षात चौकशी लांबायची, पालक सापडायचे नाहीत, गाव दुसऱ्या राज्यात निघायचं, आणि वेटिंग रूममध्येच महिनोन्महिने जायचे. अशा ठिकाणी वर्ग घ्यायचा म्हणजे सोमवारी २० पोरं, गुरुवारी त्यातली ७ गेलेली आणि ९ नवीन आलेली, कुणाला मराठी येत नाही, कुणी चौथीत शाळा सोडलेली, कुणी दहावीला बसणार होता. पाठ दुसऱ्या पानावर नेता येत नाही. म्हणून मग गाणी, चित्रं, प्रार्थना, राखी बनवणं, पणत्या रंगवणं. आपण याला हसतो, पण त्या शिक्षकाच्या जागी उभं राहून बघा.

या सगळ्यात मानखुर्दचा एक तुकडा मला मनापासून आवडतो. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं, म्हणजे आजचं टिस, आणि १९३७ मध्ये त्यांनी चाइल्ड गाइडन्स क्लिनिक सुरू केलं. वांड, खोडकर, 'बिघडलेलं' पोरगं म्हणून आणलेल्या मुलाला आधी तपासायचं, त्याला कळतं किती, त्रास कशाचा आहे, हा विचार तिथून आत आला. १९४१ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटीनेच मानखुर्दला मतिमंद मुलांसाठी वेगळं गृह काढलं (तेव्हाचा शब्द तो, आज बौद्धिक अक्षमता म्हणतात). भारतातल्या अशा अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक, जय वकील शाळा १९४४ ची, म्हणजे त्याच्याही नंतरची. खास मुलांच्या शिक्षणाचा आपल्याकडचा एक धागा असा थेट रिमांड होमच्या आवारातून निघतो, कारण रस्त्यावर सापडलेली जी मुलं कुठल्याच वर्गात बसत नव्हती ती शेवटी तिथेच यायची. काळजी, उपचार आणि कोठडी हे तीन विभाग कागदावर वेगळे, पोरं तीच.

१९४८ ला मुंबईचा नवा बालकायदा आला, १९६० ला केंद्राचा, तोही केंद्रशासित प्रदेशांपुरता. त्यावर फार थांबत नाही.

थांबायला हवं ते शीला बर्से यांच्यापाशी. मुंबईच्या या पत्रकार बाईंनी तुरुंगातल्या मुलांचा प्रश्न सुप्रीम कोर्टात नेला आणि १९८६ मध्ये कोर्टाने मुलांना तुरुंगात ठेवू नका, सगळ्या देशाला एक कायदा करा असं बजावलं. त्याच वर्षाच्या शेवटी त्यांच्याच दुसऱ्या प्रकरणात निकाल आला तो तर मानखुर्दच्या निरीक्षणगृहाबद्दलच (रिमांड होमचंच नवं नाव) होता. तक्रार अशी की मुलं गरजेपेक्षा जास्त काळ अडकून पडतात आणि त्यांच्याकडून फुकट काम करून घेतलं जातं. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की मुलं तिथे जास्त दिवस राहूच नयेत, आणि जितके दिवस आहेत तितके दिवस त्यांना आवडेल, आत्मविश्वास येईल अशा कामात गुंतवा. १८५० पासून चालत आलेल्या 'हाताला काम' या कल्पनेला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, हे काम कुणाच्या फायद्याचं?

त्याच वर्षी बाल न्याय कायदा झाला, २ ऑक्टोबर १९८७ पासून लागू. रिमांड होम हा शब्द कायद्यातून गेला, निरीक्षणगृह आलं. लोकांच्या तोंडून मात्र गेला नाही, 'गप बस नाहीतर रिमांड होममध्ये टाकीन' हे आमच्या पिढीने आईच्या तोंडून ऐकलेलं आहे. मग २००० चा कायदा, मुलगा-मुलगी दोघांना वयाची मर्यादा १८ वर्षं. मग २०१५ चा, १५ जानेवारी २०१६ पासून लागू. या शेवटच्या कायद्याच्या कलम ५३ मध्ये पहिल्यांदा नीट यादी आहे, योग्य ते शिक्षण, पूरक शिक्षण, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी विशेष शिक्षण, कौशल्य, समुपदेशन, व्यसनमुक्ती, सगळं. १८९७ च्या यादीशेजारी ठेवून वाचावी अशी.

त्याच कायद्यात दिवसही मोजलेत. बाल न्याय मंडळाने चौकशी चार महिन्यांत संपवायची, लागलं तर दोन महिने वाढवून, गंभीर गुन्ह्यांत मात्र मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांच्या परवानगीने आणखी मुदत मिळू शकते. विशेष गृहात, म्हणजे गुन्हा सिद्ध झालेल्या मुलांना ठेवतात तिथे, जास्तीत जास्त तीन वर्षं. मुलाच्या हक्काच्या नजरेने हे उत्तमच आहे, पण शाळेच्या नजरेने चार महिने म्हणजे धड एक सत्रही नाही.

आणि वयाची गाठ वेगळीच. कलम ५३ म्हणतं ६ ते १४ वयाला शिक्षणहक्क कायदा लागू, म्हणजे वयाप्रमाणे वर्गात प्रवेश, मागे पडलेल्यांना विशेष प्रशिक्षण, दाखला नाही म्हणून अडवायचं नाही. बालगृहातल्या, म्हणजे गुन्ह्यात नसलेल्या पण आसऱ्याची गरज असलेल्या लहान मुलांना याचा खरंच फायदा झाला, बरीच मुलं आता आवाराबाहेरच्या महापालिकेच्या नाहीतर झेडपीच्या शाळेत जातात. पण कायद्याशी संघर्षात आलेली, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेली बहुतेक पोरं १६ ते १८ मधली असतात, म्हणजे शिक्षणहक्क जिथे संपतो तिथून पुढची. त्यांच्यासाठी उरतं काय, तर मुक्त विद्यालय, किंवा बाहेरून दहावी-बारावीला बसायचा आपला १७ नंबरचा फॉर्म.

त्यातही दाखल्याची भानगड आहे. कायदा सांगतो मुलाची ओळख उघड करायची नाही, पण शाळा आणि संस्था एकाच नावाची असली की लिव्हिंग सर्टिफिकेटच सगळं सांगून टाकतं, आणि ते सर्टिफिकेट आयटीआयपासून नोकरीपर्यंत दाखवावं लागतं. त्यामुळे आत शिकवणाऱ्या बऱ्याच जणांना १७ नंबरच बरा वाटतो, त्यावर बाहेरच्या शाळेचं नाव येतं. फक्त तो फॉर्म साधारण पावसाळ्यात भरायचा असतो आणि परीक्षा मार्चच्या आसपास. दिवाळीनंतर आत आलेल्या पोराचा फॉर्म हुकलेला असतो, आणि ज्याचा वेळेत भरला तो फेब्रुवारीत घरी गेला तर हॉल तिकीट कुठल्या पत्त्यावर पाठवायचं हे त्याच्या शिक्षकाला शोधावं लागतं.