मासे हवेत ना? मग आधी तळ्यात गवत लावा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या ताब्यातले, तलाव आहेत. तिकडे त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने यातले बरेच तलाव धानाला पाणी मिळावं म्हणून बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. आता पाणी शेतकऱ्याला हवं, माशांचा ठेका ढिवर या मासेमार समाजाच्या सहकारी संस्थेकडे, आणि पाळीची, म्हणजे तलावाच्या बांधाची, डागडुजी कोणाची, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

मासळी घटली की ठरलेला उपाय म्हणजे मत्स्यबीज आणून सोडायचं. पण रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणजे दरवर्षी बीजाचा खर्च आलाच. मरळ, शिंगी, मागूर यांची वीण मात्र तलावातच होते. त्यांना लागतं ते पाण्यातलं गवत.

मरळीचंच बघा. पावसाळ्यात जोडी काठच्या उथळ पाण्यात येते आणि गवताच्या दाटीत ताटाएवढी जागा मोकळी करते. अंडी तरंगणारी असतात. भोवतीचं गवत नसेल तर वाऱ्याने पांगतील. एकदोन दिवसांत पिल्लं बाहेर पडतात. लालसर पिल्लांचा पुंजका वर आला की तेवढंच पाणी उकळतंय असं वाटतं, आणि त्याखाली आईबाप राखण करत असतात. नेमका तेव्हाच तो मोठा मासा धरला तर बाकीचे मासे पुंजका फस्त करतात. म्हणून वीण चालू असताना काठाला जाळं लावायचं नाही, हा नियम बीज सोडण्यापेक्षा स्वस्त पडतो.

हे गवत जातं कुठे? पहिला चोर बेशरम. मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली ही झुडपं कुंपणाला लावली गेली आणि तलावात उतरली. पानं विषारी, त्यामुळे ती खाऊन आटोक्यात ठेवणारं जनावर नाही. कोयत्याने छाटून भागत नाही, कारण खोडाच्या प्रत्येक पेरातून मुळं फुटतात. छाटलेला तुकडा ओल्या गाळात पडला की नवं झाड उभं. एप्रिल-मे महिन्यांत पाणी उतरल्यावर कुदळीने मुळासकट उपटायचं, पाळीपलीकडे कोरड्यावर नेऊन पूर्ण वाळवायचं, मगच जाळायचं. पुढच्या उन्हाळ्यात राहिलेले कोंब काढायला पुन्हा उतरावं लागतं. ही दुसरी फेरी चुकली की पहिल्या वर्षाची मेहनत पाण्यात.

जागा मोकळी झाली तरी गवत आपोआप येईलच असं नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव भागात ढिवर समाज आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचं काम केलं आहे. पद्धत साधी आहे. पहिल्या पावसाने तळ मऊ झाला की काठचा भाग हलका नांगरायचा. जवळच्या चांगल्या तलावातून रोपं आणायची, पण एकाच जागेवरून सगळी उपटायची नाहीत. ओल्या पोत्यात गुंडाळून त्याच दिवशी लावायची. व्हॅलिसनेरिया, हायड्रिला आणि सेराटोफायलम या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती. व्हॅलिसनेरिया मुळासकट चिखलात रोवायची. हायड्रिलाच्या फांद्यांची जुडी मातीच्या गोळ्यात खोचून सोडली तरी धरते. सेराटोफायलमला मुळंच नसतात, ती नुसती पाण्यात टाकली तरी चालते. रोपांबरोबर जलपर्णीचा एखादा कोंब आला नाही ना, हे मात्र जुडी उलगडून बघायचं.

आणि गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडायचा नाही! १९५९ मध्ये भारतात आणलेला हा चिनी मासा गवतावरच जगतो. हायड्रिला तर त्याचं आवडतं खाणं. सायप्रिनस (कॉमन कार्प) हा मासा तळ उकरतो, पाणी गढूळ करतो आणि उजेडाअभावी कोवळी रोपं मरतात. दोन्ही वजनाला भराभर वाढतात म्हणून संस्थेच्या बैठकीत मोह होतोच. निदान लागवड मूळ धरेपर्यंत तरी त्यांना बाहेर ठेवावं. मिश्र बीज घेतलं की ते नकळत आत येतात, तेव्हा बोटभर वाढलेली, जात ओळखू येणारी बोटुकलीच घ्यावी.

गाळ काढण्याबद्दल आमचं मत जरा कडक आहे. जेसीबीने काठापासून सरळ उभं खोदलं तर पाणीसाठा कागदावर वाढतो. पण मरळीला हवा असलेला गुडघाभर पाण्याचा पट्टा नाहीसा होतो आणि गाळातलं पाणवनस्पतींचं बी शेतात जातं. शिवाय खालचा चिकण थर फुटला तर तलाव पाझरू लागतो. गाळ मधल्या खोलगट भागातून काढावा, काठाचा उतार तसाच ठेवावा.

उरलं पाणी. धान निसवताना पाऊस दडी मारतो तेव्हा शेतकरी शेवटच्या थेंबापर्यंत मोरी, म्हणजे तलावातून शेताला पाणी सोडायची वाट, उघडी ठेवू पाहतो, त्यालाही इलाज नसतो. म्हणून तंटा होण्याआधी, पावसाळ्याच्या तोंडावरच ग्रामसभेत पातळी ठरवावी आणि मोरीच्या दगडावर रंगाने खूण करावी. त्या खुणेखाली पाणी गेलं की मोरी बंद. शिंगी-मागूर हवेतला श्वास घेतात, ओल्या चिखलातही काही काळ तग धरतात. बाकीच्या लहान देशी माशांना मात्र मे महिन्यात त्या खुणेखालचा डोहच उरतो.